पटकीच्या साथीत मी लपवलेला दिवस

डॉक्टरांनी माझ्या पालथ्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती खाली बसली नाही. ओल्या लुगड्याची चुणी राहते तशी उभीच राहिली. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "कॉलरा आहे. किती वेळा झालं हिला?"

गुरुजींना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण माझा आवाज बसला होता. मी बोटं दाखवू लागले. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा थांबले.

कॉलरा म्हणजे पटकी. त्याआधीचे अकरा दिवस हाच शब्द मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांसाठी ऐकत होते. गावाबाहेर तुराट्यांच्या कुडाची आणि टिनाच्या पत्र्यांची एक लांब छपरी उभी केली होती. आजारी माणसं शोधून तिथं पाठवायची हे माझं काम. त्या रविवारी सकाळी आखाड्यातल्या चार गड्यांनी मला बाजेवर घालून तिथं आणलं. बाज कशी धरायची, डोकं कोणत्या बाजूला ठेवायचं, हे सगळं त्यांना आता सवयीचं झालं होतं.

मी अनसिंगची, माळ्याच्या घरची. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि आमच्यापासून पाच-सहा कोस. नवरा लग्नानंतर पाचव्या वर्षी तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. मळ्यात आम्ही तिघं: दीर किसनभाऊ, त्याची बायको वच्छला आणि मी. किसनभाऊ मोट हाकायचा, वच्छला निंदण-खुरपण बघायची आणि मी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन गावात फिरायची. वांगी, चवळीच्या शेंगा, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी. पंधरा वर्षांत गावातल्या सगळ्या घरांची मागची दारं मला माहीत झाली होती. कोणाची सून भारी पायाची, कोणाच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटली नाही, हे टोपली खाली ठेवल्या ठेवल्या कळायचं.

युद्धाची वर्षं होती ती. घासलेट आणि साखर मिळत नव्हती. जेठाचा महिना, विहिरींचा तळ दिसत होता. एका लग्नाची पंगत झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या आळीत दोन माणसं उलट्या-हगवणीनं गेली. चौथ्या दिवशी वाशीमहून डॉक्टर आले. सोबत एक कंपाउंडर, औषधाच्या पेट्या, आणि विहिरीत टाकायची लाल औषधाची पूड.

शाळेच्या गुरुजींनी आखाड्यातले आठ गडी जमवले. त्यांच्या दंडाला पांढरी पट्टी बांधली. विहिरीत औषध टाकायचं, विहिरीवर पहारा द्यायचा, चुना पसरायचा, आजारी माणूस छपरीत न्यायचा, मेला तर तोही उचलायचा. पगार नाही, काही नाही. पण एक काम त्यांच्याच्यानं होईना, म्हणून गुरुजी आमच्या मळ्यात आले.

"सुभद्राबाई," ते म्हणाले, "आमाले कोनी दारात उभं नाही करून राह्यलं. पुरुष मानूस इचारते की घरात कोनाले हगवन हाय काय, तं बाया आतून कडी लावून घेतात. तुमी तं रोजच जाता."

"मी काय इचारू, गुरुजी? मले काय समजते त्यातलं?"

"इचारू नका. बसा, बोला आन् पाहा. वासावरून कळते."

वच्छला शेजारीच सांबाराच्या जुड्या बांधत होती. ती म्हणाली, "जा ना जाऊबाई. तुमाले कोनी नाही म्हनत नाही."

मी गेले. पहिल्याच दिवशी तीन घरांत आजारी माणसं सापडली. एक म्हातारी कोठीच्या मागं निजवून ठेवलेली होती. लोक का लपवत होते ते मला समजत होतं. छपरीत नेलेला माणूस मरतो, असं सगळ्यांना वाटायचं. बरेच जण मरतही होते, कारण आणायलाच उशीर व्हायचा. डॉक्टर रोज तेच सांगायचे, "पहिल्या जुलाबाला माणूस आणा, मी वाचवतो. विसाव्याला आणलंत तर माझ्या हातात काही राहत नाही." मी दारोदार जाऊन तेच सांगायची, आपल्या शब्दांत. "सांग वं बाई, लपवू नको. लपवलं तं जाईन."

टोचणीचंही तसंच. पटकीची लस टोचायला चावडीपुढं टेबल मांडलं होतं, पण बाया फिरकत नव्हत्या. मग मी सगळ्यांदेखत पदर सारून दंड पुढं केला. हात दोन दिवस सुजला, तापही आला. तिसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन निघाले आणि दिसेल तिला म्हणाले, "पाहा, मी उभी हाय." त्या आठवड्यात बऱ्याच बायांनी टोचून घेतलं. पुढं जे घडलं त्याचं मूळ यातच आहे, म्हणून हे सांगते.

गावाच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी मजुरांची वस्ती होती. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. आम्ही लाल औषध टाकून शुद्ध केली ती विहीर गावाची. वस्तीतली माणसं नाल्याच्या रेतीत झिरा खोदून तेच पाणी प्यायची. गुरुजींनी चावडीवर दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा लोक उठून गेले. तेव्हा मीही काही बोलले नाही. मला ते तसंच असतं असं वाटायचं.

वस्तीतल्या पारबतीच्या झोपडीत मला वास आला. तिचा नवरा गोणपाटाखाली निजलेला होता. पारबती दारात आडवी उभी राहिली. "त्याले हीवताप हाय," म्हणाली. मी काही न बोलता बाहेर आले आणि गुरुजींना सांगितलं. गडी आले, त्याला बाजेवर घालून घेऊन गेले. तो छपरीत पोचला आणि दिवस मावळायच्या आत गेला. प्रेत घरी द्यायचं नाही असा नियम होता. गड्यांनीच चुना टाकून त्याला जाळलं. पारबतीला लांबून धूर दिसला तेवढाच.

तो मंगळवार होता. गुरुवारी मला परत त्या वस्तीत जावं लागलं, कारण आजार तिथं पोचला होता आणि जाणारं दुसरं कोणी नव्हतं. एकही दार उघडं नव्हतं. उन्हानं डोकं फुटायची वेळ आली होती. पारबती आपल्या दारात बसली होती. मला पाहून ती उठली नाही.

"भाजी इकाले येत होती तू," ती म्हणाली. "आता मानसं न्याले येते."

मी तिच्यापुढं जमिनीवर बसले. बऱ्याच वेळानं ती आत गेली आणि गडू भरून पाणी घेऊन आली. माझ्यापुढं धरला.

"पी. तहान लागली असंन."

आजूबाजूच्या झोपड्यांतून बाया पाहत होत्या. ते पाणी झिऱ्याचं होतं, उकळलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी गडू पाहत राहिले तेवढ्यात ती म्हणाली, "काहून? आमच्या हातचं चालत नाही काय?"

मी प्याले. पूर्ण गडू प्याले. त्याच दुपारी त्या वस्तीतली दोन दारं उघडली आणि दोन आजारी पोरी वेळेवर छपरीत गेल्या. दोघी वाचल्या. मी ते पाणी पिण्यात चुकले की नाही, हे मला आजपर्यंत ठरवता आलं नाही. पण पुढच्या चुकीबद्दल मला काही शंका नाही.

शनिवारी पहाटे परसाकडे गेले आणि कळलं. पोटात दुखत नव्हतं. पटकीत पोट दुखत नाही, हे मीच शंभर बायांना सांगितलं होतं. नुसतं पाणी जातं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. मी खाली बसून ते पाहिलं आणि पहिला विचार मनात आला तो असा: मी टोचून घेतलेली आहे. मी आजारी पडले हे कळलं तर एकही बाई आता दंड पुढं करणार नाही. दुसरा विचार आला तो छपरीचा. तिथल्या बाजांना मधे भोक पाडून खाली बादली ठेवलेली असे. त्या बाजेवर मला झोपायचं नव्हतं. पहिला विचार मी सगळ्यांना सांगते. दुसरा जास्त खरा होता.

मी टोपली घेऊन निघाले. चार घरं केली. पाचव्या घराच्या मागं ओकारी झाली. तशीच मळ्यात परत आले आणि झोपडीत पडले. तोवर सहा-सातदा झालं होतं. वच्छला आली, तिनं पाहिलं आणि ती समजली.

"मी गुरुजीले बोलावून आनतो," ती म्हणाली. आमच्याकडं बायाही बोलताना असं बोलतात.

"नको," मी म्हणाले. "कोनाले सांगू नको. किसनभाऊलेही नको. उद्यालोक बरं वाटते."

"जाऊबाई, तुमीच तं सांगता ना सगळ्याईले."

"सांगू नको म्हनलं ना."

ती माझा शब्द मोडत नसे. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हापासून मीच तिला सगळं शिकवलं होतं. तिनं माझी लुगडी धुतली, जागा सारवली, मला ताक पाजलं, जे ओकून गेलं. रात्रीपर्यंत पायांत गोळे येऊ लागले. पोटऱ्या आत ओढल्या जात आणि दगडासारख्या घट्ट होत. वच्छला त्या चोळत बसली. सकाळी मी कामावर आले नाही म्हणून गुरुजी शोधत आले, तेव्हा मला उठून बसता येत नव्हतं.

आता छपरीतले दिवस.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी माझ्या घोट्याजवळ शीर शोधली. शिरा बसल्या होत्या, म्हणून कातडी कापून शोधावी लागली. काचेची बाटली बांबूला टांगली आणि रबरी नळीनं पाणी शिरेत सोडलं. त्याला सलाईन म्हणतात. म्हणजे शुद्ध केलेलं मिठाचं पाणी. डॉक्टर काम करता करता म्हणाले, "बाई, तुमच्या अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेलंय. रक्त घट्ट झालंय. ते मी परत भरतोय. दुसरं काही नाही." एक बाटली संपली, दुसरी लावली. मग अशी थंडी भरली की बाज हलू लागली. त्यांनी आधीच सांगितलं होतं की थंडी वाजेल, घाबरू नका. तरी मी घाबरले. दोन घोंगड्या टाकल्या. दुपारी मला थोडा आवाज फुटला.

आवाज आल्यावर त्यांनी विचारलं, "केव्हापासून होतंय?"

"काल पहाटेपासून."

त्यांचे डोळे लाल झालेले असत, झोप नसे. "तुम्हाला तर हे सांगायची गरज नव्हती," एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाजेकडं गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

टोचून घेऊनही मला कशी झाली, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी समजावलं. टोचणी घेतली म्हणून पटकी होत नाही. टोचणीनं पुष्कळांचा बचाव होतो, सगळ्यांचा होत नाही, आणि घाण पाणी भरपूर पोटात गेलं तर टोचणी पुरी पडत नाही. "कुठलं पाणी प्यालात?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आठवत नाही.

सोमवारी जुलाब कमी झाले. पण लघवी होत नव्हती. पटकीच्या माणसाला लघवी होणं म्हणजे काय असतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला हसू येईल. अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंडं काम थांबवतात. जुलाब थांबलेला माणूसही त्यानं मरतो, दोन-तीन दिवसांनी, गुंगीत. डॉक्टर येता-जाता प्रत्येकाला एकच विचारायचे, "लघवी झाली?" छपरीतली सगळी माणसं त्या एका गोष्टीची वाट पाहत पडलेली. शेजारच्या बाजेवरच्या म्हाताऱ्याला झाली तर त्याच्या मुलानं बाहेर जाऊन कोणाला तरी हाका मारून सांगितलं.

त्या दिवशी माझ्या बाजेखालची बादली काढायला जी बाई आली ती पारबती होती.

साफसफाईची माणसं पळून गेली होती. गुरुजींनी वस्तीत विचारलं तर ती एकटी आली. का आली ते तिनं कधी सांगितलं नाही. तोंडाला पदर बांधून तिनं बादली नेली, चुना टाकून परत आणून ठेवली. मग माझ्या उशाशी बसून कपाशीच्या बोळ्यानं ओठांवर पाणी सोडू लागली. पाणी उकळलेलं होतं. तीच चुलीवर उकळायची.

"पी. हे उकळेल हाय," ती म्हणाली.

मी थोडं प्याले.

तिनं खाली पाहत विचारलं, "माह्या घरच्या पान्यानं झालं काय तुले?"

मी म्हणाले, "नाही वं. दहा घरचं पानी पेली मी. कोनाले मालूम कशानं झालं."

दहा घरचं नव्हतं प्याले. तिला ते कळलं असावं. ती उठून दुसऱ्या बाजेकडं गेली. नंतरही तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही.

मंगळवारी सकाळी मला लघवी झाली. घोटभर असेल. डॉक्टरांनी ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. "आता तुम्ही घरी जाल," म्हणाले. मला भाताची पेज दिली. मी ती पोटात राहते की नाही याची वाट पाहत पडले. पेज राहिली.

दुपारी चारच्या सुमाराला बाज आत आली. मी तोंड भिंतीकडं करून पडले होते. किसनभाऊचा आवाज ऐकला म्हणून वळले. बाजेवर वच्छला होती.

तिला सोमवारी दुपारपासून होत होतं. ती तशीच वाफ्यात काम करत राहिली. किसनभाऊला सांगितलं नाही. मंगळवारी दुपारी तो मोट सोडून जेवायला आला तर ती पाटाच्या कडेला पडलेली. डोळे खोल गेलेले, बोटांची टोकं काळी-निळी.

डॉक्टरांनी दोन्ही घोट्यांजवळ कातडी कापून शीर शोधली. एकीत सुई लागली. बाटली लावली. ती माझ्यापासून दोन बाजा सोडून होती. बाटलीतलं पाणी उतरत होतं आणि मला वाटत होतं की मला उतरलं तसं हिलाही उतरेल. मला उठता येत नव्हतं. पारबतीनं मला धरून तिच्या बाजेपर्यंत नेलं.

"काहून नाही सांगितलं वं?" मी विचारलं.

तिचा आवाज वाऱ्यासारखा येत होता. "तुमीच तं म्हनलं," ती म्हणाली, "कोनाले सांगू नको."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की असं करायचं असतं. मोठ्या जावेनं केलं ते बरोबरच असणार.

बुधवारी सकाळी दहाच्या आसपास ती गेली. डॉक्टर किसनभाऊला म्हणाले, "पहिल्या जुलाबाला आणायला हवं होतं. हृदय थकलं होतं." किसनभाऊ त्यांच्याकडं पाहत नव्हता. तो माझ्याकडं पाहत होता. मग प्रेत न्यायला गडी आले, आणि त्यानं एकाला बाजूला करून बाजेचा एक पाया स्वतः धरला.

मी नऊ दिवसांनी छपरीतून बाहेर आले. केस मूठ-मूठ गळत होते, चालताना भिंत धरावी लागे. मळ्यात गेले तेव्हा किसनभाऊनं मला भाकरी दिली, पाणी दिलं, बोलला नाही. वच्छलाची खुरपी कुडात खोचलेली होती ती त्यानं काढून कुठं ठेवली मला माहीत नाही. तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही. नंतर बोलला, कामापुरतं. मी त्याला दोष देत नाही.

गावात तोवर व्हायचं ते झालंच होतं. माळीणबाईनं टोचून घेतलं आणि तीच पडली, तिची जाऊही गेली, असं लोक बोलत होते. चावडीपुढचं टेबल ओस पडलं. दोन आळ्यांनी विहिरीवरचा पहारा हाकलून दिला. ज्याच्यासाठी लपवलं ते लपवूनही राहिलं नाही.

गुरुजी भेटायला आले. खूप थकलेले दिसत होते, आठ गड्यांतले दोन आजारी पडले होते. मी त्यांना म्हणाले, "मले चावडीवर न्या. मले बोलाचं हाय."

"तुमाले उभं तं राहता येते काय?"

"बसून बोलतो."

बाजारच्या दिवशी सकाळी त्यांनी मला चावडीच्या पायरीवर बसवलं. बाया जमल्या, मागं पुरुषही. मला भाषण येत नाही. मी म्हणाले, "टोचनीनं मले काही झालं नाही. मी न उकळलेलं पानी पेली, त्यानं झालं. कुठं पेली ते इचारू नका, चूक पेनारीची हाय. आन् मले झालं ते मी दिवसभर लपवलं. तुमाले सांगत होती लपवू नका, आन् मीच लपवलं. वच्छलानं माह्यं पाहून लपवलं. ते गेली, मी हाय. एवढंच."

कोणीतरी मागून विचारलं, "मंग आता काय करा म्हनतं?"

"पानी उकळा. झालं तं सांगा. आन् खालच्या वस्तीले विहिरीचं पानी द्या. ते झिऱ्याचं पेतात, तिथूनच पटकी फिरून आपल्याकडं येते."

शेवटच्या वाक्यावर कुजबुज झाली. विहीर उघडली नाही, ते खोटं कशाला सांगू. ती उघडायला पुढं बरीच वर्षं गेली. पण गुरुजींनी एक गोष्ट केली. औषध टाकलेल्या विहिरीचं पाणी पिंपात भरून बैलगाडीनं वस्तीत न्यायचं ठरवलं. गाडी मिळाली, बैल कोणी देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपडीच्या बाहेर आले तर किसनभाऊ आपले बैल सोडून चावडीकडं घेऊन निघाला होता. माझ्या बाजूनं निघून गेला. साथ उठेपर्यंत रोज तो बैल देत राहिला.

पुढच्या पंधरा-वीस दिवसांत साथ उतरली. का उतरली ते डॉक्टरांनाच माहीत. ते म्हणायचे, पाण्यानं आली, पाण्यानं गेली. निघताना त्यांनी गुरुजींचा, गड्यांचा निरोप घेतला. पारबतीला हात जोडले. माझ्यापुढं थांबून म्हणाले, "परत साथ येईल. तेव्हा लोकांना तुमचंच सांगा." त्या माणसानं माझी शीर शोधली म्हणून मी आज लिहिते आहे. त्यांचे उपकार आहेत, गुरुजींचे आहेत, बाज उचलणाऱ्यांचे आहेत. पारबतीचे सगळ्यात जास्त आहेत, आणि तिच्या नवऱ्याचं मी काही फेडू शकले नाही.

हे मी चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं लिहिते, ते अशा कामाला जाणाऱ्यांसाठी. दंडाला पट्टी बांधली की आपल्याला काही होणार नाही असं वाटू लागतं. झालं तर लाज वाटते, जणू आपण काम बिघडवलं. तसं काही नसतं. तुम्ही दुसऱ्याला जे सांगता ते आधी स्वतःच्या घरात सांगा, आणि झालं तर पहिल्याच वेळेला सांगा, अंगात बोलायचं त्राण आहे तोवर. तुमच्याकडं पाहणारं कोणीतरी घरात असतं.

साथ तीन वर्षांनी परत आली आणि गावाबाहेर छपरी परत उभी राहिली. गुरुजी नव्हते, त्यांची बदली झाली होती. पारबती आणि मी दोघी फिरायला लागलो. ती खालच्या वस्तीत, मी वर. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मळ्यातून निघत होते तर वाटेवर एक तरुण बाई माझ्याकडं धावत येताना दिसली. वरच्या आळीतली, नवीन लग्न होऊन आलेली. धापा टाकत होती.

"माळीणबाई," ती म्हणाली, "मले आत्ता एकदा झालं. पान्यासारखं. सासू म्हनते गप ऱ्हाय. पन मी आली."

मी तिच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली.

"चाल," मी म्हणाले. "बरं केलं."

ती चालत चालत छपरीपर्यंत आली. तिला बाज लागली नाही.